‘गाडी घसरली’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. कोपर आणि गुडघ्यावर निभावलं हे वाचून जीव भांड्यात पडला. मग पत्र पुन्हा वाचलं आणि एका वाक्यावर अडकलो. ‘वळणावर खडी होती आणि गाडी घसरली.’ त्याच्या पुढच्याच ओळीत ‘बाबांना सांगू नका’, आणि लगेच पुढची गाडी कोणती घेऊ, जरा मोठ्या इंजिनाची झेपेल का, अशी चौकशी.

मोठ्या इंजिनाचं नंतर बघू. आधी ते वाक्य.

आपली भाषा या बाबतीत फार सोयीची आहे. गाडी घसरते, ब्रेक लागत नाही, खांब मध्ये येतो, आरसा घासला जातो, कुत्रं आडवं येतं. सगळं आपोआप होतं, चालवणारा त्यात कुठेच नसतो. इतकी वर्षं अपघातांच्या हकिगती ऐकतोय, पण ‘मी नेऊन खांबावर घातली’ असं सरळ सांगणारे एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच भेटले. तू खोटं लिहिलंस असं मी म्हणत नाही. खडी होती हे खरं, गाडी घसरली हेही खरं. पण त्या दोहोंच्या मध्ये एखादा सेकंद होता आणि त्या सेकंदात तू काहीतरी केलंस. ते पत्रात नाही.

तू लिहिलं नाहीस म्हणून मीच अंदाज करतो, चुकला तर कळव. तू वळणात जरा जास्त वेगात शिरलीस. शिरल्यावर खडी दिसली. दिसल्याबरोबर उजव्या हाताने तुला न विचारता पुढचा ब्रेक आवळला. चाक फिरायचं थांबलं आणि हँडल हातातून गेलं. हे इतक्या झटपट झालं की तुला फक्त शेवट आठवतोय.

यामागचा हिशेब साधा आहे. मोटरसायकलचं एकेक चाक रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकलेलं असतं. वळायचं, थांबायचं, वेग घ्यायचा, सगळं तेवढ्या जागेच्या जोरावर. तिथली पकड ठरावीक असते आणि ती या सगळ्या कामांत वाटून घ्यावी लागते. गाडी कललेली असताना पकडीचा मोठा वाटा वळण्यातच खर्च होत असतो, ब्रेकसाठी उरते ती शिल्लक. म्हणून सरळ रस्त्यावर निर्धास्त दाबता येणारा ब्रेक वळणात चाक अडकवतो. खडीवर तर मुळात भांडवलच थोडं. शिवाय वळायला लागणारी पकड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेच वळण ताशी ३० किलोमीटरऐवजी ४२ने घेतलंस तर पकड जवळजवळ दुप्पट लागते. स्पीडोमीटरचा काटा तेवढ्यात बोटभरसुद्धा सरकलेला नसतो.

तेव्हा पडलीस वळणात, पण चूक झाली त्याच्या दोन-तीन सेकंद आधी, गाडी सरळ होती तेव्हा. वेग तिथे उतरवायचा होता. एबीएस असतं तर वाचले असते, असं कुणीतरी तुला सांगेलच. साधं एबीएस चाक अडकू देत नाही, ते चांगलंच आहे, पुढच्या गाडीला ते असू दे. पण रस्त्यावर नसलेली पकड ते आणणार कुठून?

आणखी एक विचारतो. पडायच्या आधी बघत कुठे होतीस? खडीकडेच ना? सगळे तिथेच बघतात. माणूस ज्याला घाबरतो त्याच्याकडे बघत राहतो, आणि दुचाकी तर नजरेच्या मागे जाणारं जनावर आहे. मोकळ्या मैदानात एकदा दोन दगड ठेव आणि त्यांच्या मधून जाताना एका दगडाकडे टक लावून बघ. जाशील त्याच्यावरच. मग पलीकडच्या मोकळ्या जागेकडे बघून जा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी दोनदा नालीत जाऊन शिकलो.

आता माझं सांगतो. हे सांगायचं की नाही यावर दोन दिवस घालवलेत.

मी एकोणीस वर्षांचा होतो. गाडी मागून आणलेली, टू-स्ट्रोक, रेस दिली की नुसती उधळणारी. मागे मित्र बसला होता. पावसाची पहिली सर नुकतीच पडून गेली होती. रस्ता खरा निसरडा तेव्हाच असतो, कारण दिवसभराची धूळ आणि सांडलेलं ऑइल भिजून वर येतं आणि धुऊन जायला अजून वेळ असतो. हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी काही वेगळं केलं असतं असं नाही. मागून तो माझ्या खांद्यावर थापट्या मारत होता, ‘हळू, अरे हळू.’ त्याने तसं म्हटलं म्हणूनच मी रेस वाढवली. वळणापलीकडे एक ट्रक थांबलेला होता. मी मागच्या ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो. मागचं चाक अडकलं, गाडी आडवी फिरली. मला खरचटलं. त्याच्या खांद्याचं पुढचं हाड मोडलं.

दवाखान्यात त्याची आई आली. “काय झालं रे?” मी म्हणालो, “गाडी घसरली, काकू.” त्यांनी माझ्याच पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, “तुला फार लागलं नाही ना?” तो कॉटवर पडून माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही.

तो मित्र म्हणजे तुझे बाबा. त्यांच्या डाव्या खांद्याजवळ हाड थोडं वर आलेलं दिसतं ना, लहानपणी तू त्यावर बोट ठेवून विचारायचीस? ‘शाळेत असताना झाडावरून पडलो होतो,’ असं ते तुला सांगायचे. एकदा मी समोरच बसलो होतो. मीही मान डोलावली.

हा विषय मी त्यांच्याजवळ काढला तो तेवीस वर्षांनी. तोवर तुझी आजी गेली होती. तो म्हणाला, “मला वाटलं, तू विसरलास.”

खोटं बोलणं वाईट, हे सांगायला हे लिहीत नाही, ते तुला ठाऊक आहे. मला सांगायचाय तो त्यातला व्यवहार. काकूंना सांगितलेल्या वाक्यावर पुढे माझाच विश्वास बसला. दोष पावसाचा ठरला, मग मला शिकायला उरलं काय? मागच्या ब्रेकवर उभं राहायची सवय तशीच राहिली. दोन महिन्यांत दुसऱ्या एका गाडीवर तेच केलं, तेही कोरड्या रस्त्यावर. नशिबाने त्या दिवशी मागे कुणी नव्हतं. खरं तर थांबताना वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढच्या ब्रेकचं असतं, आणि तो हळूहळू वाढवत न्यायचा असतो. एवढी साधी गोष्ट मला तिसाव्या वर्षी कळली. पाऊस माझ्या बाजूने साक्ष देत होता ना!

नेमकं काय केलं हे सांगणं सोपं नसतं, हेही कबूल करतो. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंमधल्या विल्बरची एक गोष्ट मला फार आवडते. विमानाच्या आधी या भावांचा सायकलींचा धंदा होता. विल्बरने कितीतरी सायकलस्वारांना विचारलं, की डावीकडे वळताना तुम्ही करता काय? पहिल्या झटक्यात सगळं बरोबर सांगणारा त्याला एकही भेटला नाही. लोक सांगत, हँडल डावीकडे वळवतो. पण डावीकडे वळण्यासाठी सायकल आधी डावीकडे कलावी लागते, आणि ती कलावी म्हणून आपण क्षणभर हँडल उजवीकडे देत असतो. रोज करतो आणि कळत नाही. मोटरसायकलचंही हेच. थोडा वेग असला की डावी मूठ पुढे ढकल, गाडी डावीकडे कलेल. आधी विश्वास बसणार नाही, करून बघ. याचा उपयोग केव्हा? समोर अचानक काही आलं आणि चुकवायचं असलं की घाबरलेला माणूस हँडल जिकडे जायचं तिकडे खेचतो आणि गाडी उलटीकडे, नेमकी त्या वस्तूवर जाते. मग म्हणतो, गाडीने ऐकलं नाही. गाडीने ऐकलंच होतं!

सगळेच धडे असे रक्ताचे नव्हते, नाहीतर मी हे पत्र लिहायला उरलो नसतो. एकदा गाडी चालता चालता गचके देऊन बंद पडली. मी प्लग काढला, पुसला, परत लावला. किका मारून पाय सुजला. मग चांगली तीन-चार किलोमीटर ढकलत नेली. मेकॅनिकने माझ्याकडे न बघता टाकीखाली हात घातला आणि पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला फिरवला. दुसऱ्या किकला चालू. पैसे घेतले नाहीत, पण शेजारच्याला हाक मारून बोलावलं आणि मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. तेव्हापासून माझा एक नियम आहे. काहीही बंद पडलं की आधी सगळ्यात सोपं आणि सगळ्यात लाजिरवाणं कारण तपासायचं. पेट्रोल आहे का, किल्ली चालू आहे का, इंजिन बंद करायचं ते लाल बटण चुकून दाबलं गेलंय का. हा नियम नोकरीत आणि संसारातही चालला.

उतारावर न्यूट्रल करून इंजिन बंद करायचो, पेट्रोल वाचतं म्हणून. कारमध्ये हे एकदा केलं. इंजिन बंद झाल्यावर एक-दोनदा दाबून ब्रेक दगडासारखा कडक झाला, स्टिअरिंग जड झालं, आणि देव आठवले. ब्रेकला मिळणारी मदत इंजिनाच्या जोरावर असते, हे त्या घाटाने शिकवलं. हल्लीच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत तर गिअरमध्ये ठेवून पाय काढला की उतारावर इंधन जवळजवळ बंदच होतं. म्हणजे वाचतही काही नाही. कुणी शहाणा हा सल्ला द्यायला आला तर त्याला एवढं सांग.

कारवरून आठवलं. एका ओळखीच्या गृहस्थांची कार चालवायला मागून घेतली होती, शिकून जेमतेम महिना झाला होता. परत आणून लावताना मागचा बंपर घासला. मी किल्ली देताना म्हणालो, “बाहेर लावली होती, कुणीतरी घासून गेलंय.” ते चष्मा लावून मागे गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “कुणीतरी आपल्याच फाटकाचा हिरवा रंग घेऊन आलेलं दिसतंय.” एवढंच. आवाज चढवला नाही, भरपाई मागितली नाही. किल्लीही पुन्हा कधी दिली नाही. घासली म्हणून नाही, याबद्दल मला शंका नाही. स्वतःच्या मुलाने दोनदा ठोकली तरी त्याला ते देत होते.

बेर्टा बेंझबद्दल तू वाचलं असशील. ऑगस्ट १८८८मध्ये नवऱ्याने बनवलेली तीन चाकांची मोटर त्याला न सांगता घेऊन ती दोन मुलांसह मानहाइमहून माहेरी फोर्ट्सहाइमला गेली, सुमारे शंभर किलोमीटर. इतक्या लांब तोवर मोटरने कुणी गेलं नव्हतं. या गोष्टीतलं धाडस सगळे सांगतात. मला भावतो तो त्यातला तपशील. इंधनाची नळी चोंदली तर टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेकचे ठोकळे झिजले तर चांभाराकडून त्यांना चामडं बसवून घेतलं. चढावर गाडी ओढेना तेव्हा मुलांनी ढकलली. न सांगता गेली खरी, पण पोहोचल्यावर नवऱ्याला तार केली, आणि चढासाठी आणखी एक गिअर हवा हेही त्याला कळलं. ‘गाडी चढली नाही’ एवढंच सांगून ती गप्प बसली असती तर कार्ल बेंझ काय दुरुस्त करणार होता?

आता तुझं मोठं इंजिन. त्याला माझा विरोध नाही, पण एक गणित करून दाखवतो, कारण ते मला तुझ्या वयात कुणी दाखवलं नाही. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो असं धर. रस्ता कोरडा, ब्रेक चांगला. ताशी ६०ने जाणारी गाडी त्या सेकंदात सुमारे १७ मीटर जाते आणि मग साधारण २० मीटरमध्ये थांबते. एकूण ३७. आता तीच गाडी, तोच ब्रेक, पण वेग ८०. ती एका सेकंदात २२ मीटर खाते, आणि पहिली जिथे पूर्ण थांबली होती तिथे ती पोहोचते तेव्हा तिचा वेग असतो ताशी ६०च्या वर! वीस किलोमीटरचा फरक, पण एक गाडी उभी आहे आणि दुसरी साठने आदळते आहे. कागद-पेन्सिल घेऊन स्वतः मांडून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

मोठ्या इंजिनाने एवढंच होतं की ८०ला ६०सारखं वाटतं. आवाज कमी, थरथर कमी. छोटी गाडी ओरडून सांगते, मोठी बोलत नाही. तुला शिकून आठ महिने झालेत. पहिल्या दोन महिन्यांत भीती असते, म्हणून माणूस जपून चालवतो. मी तेव्हा पडलो नाही. भीती गेल्यावर आणि जाण यायच्या आधी पडलो. तू सध्या तिथेच आहेस. याच गाडीवर एक पावसाळा काढ, मग बोलू.

हेल्मेट होतं हे तू सहज लिहून गेलीस, त्याबद्दल मात्र तुला शाबासकी. टी. ई. लॉरेन्स, अरबस्तानातल्या कामगिरीने गाजलेला ब्रिटिश अधिकारी, मे १९३५मध्ये सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून पडला. डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी गेला. हेल्मेट नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यविशारद होता. त्याने पुढे लष्करातल्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१मध्ये हेल्मेटचा फायदा पुराव्यानिशी मांडला. केर्न्सने ‘मोटरसायकल घसरली’ एवढ्यावर फाइल बंद केली नाही, म्हणून आज तुझी टाळू शाबूत आहे.

तेव्हा एक काम कर. येत्या रविवारी त्या वळणावर जा, गाडी घेऊन नको, पायी. खडी कुठून येते बघ. ती पहिल्यांदा दिसते ती जागा शोध आणि तिथून वळणापर्यंत पावलं मोज. मग मला ते वाक्य पुन्हा लिहून पाठव. या खेपेला पहिला शब्द ‘मी’ असू दे. लांब झालं तरी हरकत नाही.

बाबांना मी काही सांगणार नाही. ते तुझं तू ठरव. झाडाची गोष्ट त्यांनी सांगितली ती मला वाचवायला, हे आता तुला कळलंय, त्यामुळे सांगायला बसशील तेव्हा अवघडलेली तू एकटीच नसशील. हे पत्र त्यांना दाखवलंस तरी चालेल. बघ, थोडा वेळ ते काही बोलणार नाहीत.

तुझा,
काका

ता. क. ब्रेकचा लिव्हर वाकलाय म्हणालीस. तो ठोकून सरळ करत बसू नकोस. तो ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा असतो, सरळ झालेला दिसतो आणि नको त्या वेळी मोडतो. नवा टाक. आणि पडताना डोकं जमिनीला लागलं असेल तर हेल्मेटही बदल, वरून चरा दिसत नसला तरी. आतलं थर्माकोल एकदाच दबतं.